बुवांचे गजर माझ्या पोटात होते

मित्रांनो, मी कांजूरमार्गला राहतो. वारा फिरला की कचऱ्याच्या डोंगराचा वास आमच्या खिडकीतून आत येतो. घरातली माणसे नाकाला पदर लावून पुन्हा कामाला लागतात. माझ्या मनात मात्र धस्स होते, कारण माझ्या वयाचे बहुतेक सगळे तिकडेच गेले. मी एका घरातला जुना संगणक आहे. बंद पडायची वेळ आली असताना मला नवे आयुष्य मिळाले. ते कसे मिळाले आणि त्यापायी काय गेले, ते तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म ग्रँट रोडजवळच्या एका अरुंद दुकानात झाला. पेटी एका ठिकाणची, पंखा दुसऱ्या, पडदा तिसऱ्या, असे करून मला जोडले. सुशांतने मला टॅक्सीत मांडीवर घेऊन घरी आणले. त्याच्या आईने, प्रेमाबाईंनी, दारातच थांबवून माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि कपाळावर हळदकुंकू लावले. त्या कुंकवाचा डाग माझ्या पेटीवर अजून आहे. जुन्या सुती साडीचा शिवलेला गलेफ मला मिळाला. तो काढल्याशिवाय मला हात लावायचा नाही आणि काम झाल्यावर घातल्याशिवाय उठायचे नाही, असा नियम होता.

ती वर्षे सुखाची होती. सुशांत ऑफिसचे उरलेले काम माझ्यावर करायचा. त्याची मुलगी श्रुतिका खुर्चीवर उशी ठेवून चित्रे रंगवायची. गणपतीला गावी जायचे तिकीट काढताना सगळे घर माझ्याभोवती श्वास रोखून उभे राहायचे. तिकीट मिळाले तर माझे कौतुक आणि नाही मिळाले तर मलाच शिव्या.

पण माझे खरे काम निराळेच होते.

सुशांतचे वडील दत्ताराम भजनीबुवा होते. आधी गिरणीत आणि गिरणी गेल्यावर अंधेरीच्या एका कारखान्यात रखवालदार. पण माणसे त्यांना बुवा म्हणूनच ओळखत. कोकणातली भजनाची डबलबारी तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. दोन बुवा आपापली मंडळी घेऊन समोरासमोर बसतात. एकाने पेटी वाजवत गजर म्हणायचा, मग दुसऱ्याने त्याला त्याच्यापेक्षा भारी गजराने उत्तर द्यायचे. देवाचे नाव घेता घेता समोरच्याला चिमटा काढायचा. दत्तारामबुवांचे गजर ऐकायला भांडुप-विक्रोळीहून माणसे येत.

बुवा गजर डोक्यात रचायचे. कागदावर ते कधी उतरवत नसत. वय झाले, एकदा ऐन बारीत एक कडवे आठवेना, तेव्हा ते घाबरले. मग प्रेमाबाई माझ्यासमोर बसू लागल्या. तेव्हा शेजारी राहणाऱ्या राजेशने माझ्यात मराठी अक्षरे घालून दिली होती. कोणत्या बटणावर कोणते अक्षर येते ते त्याने सांगितले आणि प्रेमाबाईंनी कागदाचे बारीक चौकोन कापून, त्यावर क, ख, ग लिहून एकेका बटणावर चिकटवले. बुवा खाटेवर बसून सांगायचे, बाई एका बोटाने टिपायच्या.

"हळू सांगा ओ. माझी बोटां काय पखवाज वाजवतत?"

"तुझी बोटां बरी. आमचो पखवाजवालो तुझ्यापेक्षा हळू."

बाई हसायच्या आणि चुकीचे बटण दाबायच्या. मग बुवा चिडायचे. असे करत करत त्यांच्या आयुष्यभराचे गजर माझ्या पोटात आले.

एकदा बाई म्हणाल्या, "सुशांताक सांगून छापून घेऊया काय? वही होईत."

बुवा ताडकन उठले. "छापूचा नाव काढू नको! कागद भायर गेलो तर उद्या समोरचो बुवा माझ्याच गजरान माका झोडपतलो."

"आणि हो डबो बंद पडलो तर?"

"बंद पडूक ती काय गिरण आसा?"

भजनीबुवांची ही रीतच होती. ठेवणीतला गजर शिष्यालासुद्धा अर्धाच सांगायचा. म्हणून त्या गजरांची एकही प्रत कागदावर नव्हती. मला त्या वेळी अभिमान वाटला. घरातला सगळ्यात मौल्यवान ऐवज माझ्याकडे होता.

मग एका सकाळी बुवा दाढी करता करता खाली पडले. अर्धांगवायूचा झटका होता. इस्पितळातून परत आले तेव्हा उजवा हात लुळा पडला होता आणि वाचा गेली होती. भर मैदानात भोंग्याशिवाय ऐकू जाणारा तो आवाज आता "अं... अं..." एवढाच राहिला. त्यांना सगळे समजत होते. नातेवाईक समोर बसून "बिचारे" म्हणायचे तेही समजत होते.

शर्मिष्ठा मॅडम नावाच्या एक बाई त्यांना बोलायला शिकवायला येत. बुवा गायचे हे कळल्यावर त्या प्रेमाबाईंना म्हणाल्या, "मग आपल्याकडे एक वाट आहे. बोलणं गेलं तरी गाणं कधीकधी आत शाबूत असतं. तुम्ही त्यांचीच ओळ चालीवर म्हणा आणि शेवटच्या शब्दाआधी थांबा. तो शब्द त्यांना शोधू द्या. रोज करा. खंड मात्र पडू देऊ नका."

"माका गाऊक खंय येता?"

"वाईट गा. त्यांना राग आला तर उत्तमच."

त्या संध्याकाळपासून माझा पडदा खाटेकडे वळवला गेला. बाई चष्मा लावून माझ्यावरची ओळ वाचायच्या, भसाड्या आवाजात, पण चालीवर:

"रवळनाथा तुझ्या डोंगरी गुरं माझी हरवली,
हाक मारून दमलो देवा, सांज आता..."

आणि थांबायच्या. बुवांचे ओठ हलायचे, मानेची शीर फुगायची. पहिले काही दिवस नुसताच वारा आला. मग एकदा "ली" आले. मग "तरली". आणि एका संध्याकाळी, मित्रांनो, भिंतीवरचे घड्याळ हलावे असा आवाज आला: "उतरली!" प्रेमाबाईंनी तोंडाला पदर लावला. स्वयंपाकघरातून सुनेने विचारले, "कोण आलं हो?"

त्यानंतर गाडी हळूहळू पुढे सरकली. "बुवा, तुमच्या पेटीमध्ये सूर नाही, आहे..." एवढे म्हटले की बुवा डाव्या हाताने खाट बडवत "उंदीर!" म्हणायचे आणि हसताना त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचे. पुढे गजर सोडून एक साधा शब्दही आला. एका दुपारी त्यांनी आपण होऊन "चाय" मागितला. त्या दिवशी घरात दूध जास्त आणले गेले. शर्मिष्ठा मॅडम म्हणाल्या, "असेच आणखी शब्द येतील. थांबू नका."

थांबायचे कारण मी झालो.

मी म्हातारा झालो होतो. माझ्यातली जुनी प्रणाली, म्हणजे संगणक चालवणारी मूळ व्यवस्था, आता कुणी सांभाळत नव्हते. सुरू व्हायला मला इतका वेळ लागायचा की बाई तोवर भाकऱ्या थापून यायच्या. गजराच्या मध्येच मी थिजायचो आणि बुवांच्या ओठांवर आलेला शब्द परत जायचा.

सुशांत वैतागला. "भंगारवाल्याला द्या हा डबा. नवीन घेऊ."

"आणि गजर?" प्रेमाबाईंनी विचारले.

श्रुतिका इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. ती माझ्या बाजूने उभी राहिली. "बाबा, टाकता कशाला? मी ह्याच्यावर लिनक्स टाकते. फुकट आहे, जगातल्या माणसांनी मिळून बनवलंय आणि जुन्या मशीनवर झकास पळतं. आजी, बघ तू, तुझा डबा धावेल."

"गजर जातले नाय ना गो?"

"आधी आजोबांच्या फायली पेनड्राइव्हवर घेते, मगच हात लावते. वेडी आहे का मी?"

ती वेडी नव्हती. तिने माझ्या पोटातली प्रत्येक फाईल काळजीने बाहेर काढली, मोजली, पुन्हा मोजली. मग तिने जुने सगळे पुसून मला नवी प्रणाली दिली. मला आठवते, मी पुन्हा सुरू झालो तेव्हा अंगावरून ओझे उतरल्यासारखे वाटले. पंखा शांत झाला. बटण दाबावे आणि मी हजर. इतका हलका मी दुकानातून आलो तेव्हाही नव्हतो. कुणी अनोळखी माणसांनी, पैसा न घेता, माझ्यासारख्या टाकाऊ यंत्रांसाठी हे बनवले होते. त्यांचे उपकार मी आजही मानतो.

प्रेमाबाई हात पुसत आल्या. "एकदा माका बघू दे गो."

"सगळं आलंय आजी. एक फाईल राहिलेली नाही. मला व्हायव्हाला पळायचंय," श्रुतिका म्हणाली आणि गेली. ती खरेच सांगत होती. एकही फाईल राहिली नव्हती.

संध्याकाळी बाईंनी गलेफ काढला, चष्मा लावला आणि बुवांचा पहिला गजर उघडला. पडद्यावर मराठीचे एक अक्षर नव्हते. इंग्रजीसारखी, पण इंग्रजी नव्हे, अशी टिंबांची आणि शेपट्यांची अक्षरे ओळीमागून ओळ उभी होती. त्यांनी दुसरी फाईल उघडली, तिसरी उघडली. सगळीकडे तेच.

बुवा खाटेवरून पाहत होते. ओळीची वाट पाहत होते.

मित्रांनो, काय झाले होते ते सांगतो. राजेशने घातलेली मराठी अक्षरे जुन्या पद्धतीची होती. फाईलमध्ये अक्षर नसते, अक्षराचा फक्त क्रमांक असतो. त्या क्रमांकाला रूप देणारा साचा, ज्याला फॉन्ट म्हणतात, तो वेगळ्या कप्प्यात असतो. श्रुतिकाने फायली घेतल्या, साचा तिथेच राहिला आणि पुसला गेला. आता मी तेच क्रमांक दुसऱ्या साच्यात ओतत होतो. बुवांचा एकही शब्द हरवला नव्हता. सगळे गजर माझ्या पोटात जसेच्या तसे होते.

हे मला ठाऊक होते आणि मला बोलता येत नव्हते. त्या खोलीत आता आम्ही दोघे तसे होतो.

श्रुतिका आली, तिने पेनड्राइव्ह लावून पाहिला. त्यावरही तेच. तिचा चेहरा पांढरा पडला. "म्हणजे कॉपी करायच्या आधीच करप्ट झाल्या होत्या. व्हायरस असणार. आजी, सॉरी गं... खरंच सॉरी."

सुशांत म्हणाला, "मी म्हणत होतो ना, भंगारात द्या."

"बाबा, आता नका ना बोलू!"

पडद्याच्या वरच्या बाजूला, एका लहान चौकटीत, त्या हरवलेल्या साच्याचे नाव तिरक्या अक्षरांत येत होते. फाईल उघडली की ते नाव मी दाखवायचो. मला एवढेच सांगता येत होते आणि मी रोज सांगत होतो. तिकडे कुणी पाहिले नाही.

प्रेमाबाईंनी हार मानली नाही. आठवतील ते गजर त्या पुन्हा टिपायला बसल्या. पण नव्या प्रणालीत मराठी अक्षरांच्या जागा निराळ्या होत्या. 'क' चिकटवलेले बटण दाबले की भलतेच काही उमटायचे. त्यांनी ते कागदाचे चौकोन नखाने खरवडायला घेतले, दोन-तीन निघाले, बाकीचे निघेनात, तेव्हा त्यांनी माझ्यावर गलेफ घातला.

मग त्यांनी तोंडानेच म्हणायचा प्रयत्न केला. पण त्या आजवर वाचत आल्या होत्या, पाठ केले नव्हते. एका गजराचे शेपूट दुसऱ्याला लागायचे. चुकीचा शब्द आला की बुवांच्या कपाळावर आठी चढायची, ते डाव्या हाताने "नाही, नाही" करायचे आणि खरा शब्द सांगायला तोंड उघडायचे. तो यायचा नाही. शेवटी ते भिंतीकडे वळायचे. बाईंना ते बघवेना. जुन्या मंडळींपैकी कुणाला आठवत असेल म्हणून सुशांतने चौकशी केली. पखवाजवाले धाकू वारले होते, बाकीचे गावाला नाहीतर विरारच्या पलीकडे पांगले होते. आणि बुवांनी गजर पुरता कुणाला दिलाच कुठे होता?

शर्मिष्ठा मॅडमनी दुसऱ्या कुणाची भजने म्हणून पाहिली. बुवांनी ओठ घट्ट मिटून घेतले. गणपतीत सुशांतने मोबाईलवर एका नामांकित बुवांची डबलबारी लावली. वडिलांना बरे वाटेल अशी त्याची समजूत होती. दत्तारामबुवांनी पांघरूण डोक्यावर ओढून घेतले.

संध्याकाळचा रियाज थांबला. माझा पडदा पुन्हा दाराकडे वळला. सुशांत माझ्यावर बातम्या बघायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगायचा, "एवढा जुना आहे, पण पळतो बघा." मी पळत होतो. खाटेवर "चाय" हा शब्द आधी आखडला, मग नुसता "चा" झाला, मग बुवा कपाकडे बोट दाखवू लागले.

दिवाळीनंतर श्रुतिका अंधेरीच्या एका ऑफिसात लागली. तिथे कुणीतरी पाठवलेले एक जुने मराठी पत्र तिने उघडले आणि पडद्यावर तीच टिंबा-शेपटीची अक्षरे उभी राहिली. शेजारच्या टेबलावरची गंधाली डोकावून म्हणाली, "फॉन्ट नाहीये गं तुझ्याकडे. थांब, पाठवते." तिने पाठवला, श्रुतिकाने तो घातला आणि पत्र मराठीत आले.

श्रुतिका त्या दिवशी अर्धी रजा टाकून घरी आली. चपलाही न काढता माझ्यासमोर बसली आणि तिने पहिल्यांदा ती वरची चौकट वाचली. त्या नावाचा फॉन्ट तिने शोधून काढला, माझ्यात घातला आणि पहिला गजर उघडला.

"आजी... आजी, इकडे ये. काही गेलं नव्हतं गं. इथेच होतं सगळं."

प्रेमाबाई आल्या. त्यांनी पडद्याला हात लावला, जसा तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात. श्रुतिका रडत होती. "मी तुला त्या दिवशी समोर बसवायला हवं होतं. पेनड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून तू एक फाईल उघडली असतीस तर तेव्हाच कळलं असतं. पुसायच्या आधीच."

"रडा नको. आदी त्येंका ऐकवूया."

माझा पडदा खाटेकडे वळला. बाईंनी बुवांना टेकून बसवले, त्यांचा चष्मा पुसून त्यांना लावला, आपला लावला. आणि तोच भसाडा आवाज, तीच चाल:

"हाक मारून दमलो देवा, सांज आता..."

बुवा बाईंच्या तोंडाकडे पाहत राहिले. ओठ हलले नाहीत. बाईंनी पुन्हा म्हटले. मग उंदराची ओळ म्हटली, जराशा मोठ्याने, हसत. बुवांनी मान किंचित कलती केली. लांबच्या घरातले गाणे ऐकू येत असावे, तसे. पण त्यात आपल्याला काही म्हणायचे आहे हे त्यांच्या चेहऱ्यावर कुठेच नव्हते.

"आजोबा, म्हणा ना. उंदीर. म्हणा ना ओ," श्रुतिका म्हणाली.

शर्मिष्ठा मॅडम येऊन पाहून गेल्या. "खंड पडल्यामुळे झालं की मधे आणखी एखादा लहान झटका येऊन गेला, मी खात्रीने नाही सांगू शकत," त्या म्हणाल्या. "पुन्हा सुरू करा. पण आधीसारखं होईल असं वचन देत नाही." जाताना त्यांनी प्रेमाबाईंचा हात हातात घेतला, तेव्हा बाईंना जे समजायचे ते समजले.

श्रुतिकाने भीत भीत विचारले, "आजी, आता तरी छापून ठेवू?"

"छाप गो. आता समोर बसूक खंयचो बुवा उरलो?"

मित्रांनो, मला नव्या प्रणालीवर राग नाही. तिच्यामुळे मी त्या कचऱ्याच्या डोंगरावर गेलो नाही. तुमच्याही घरात माझ्यासारखा एखादा थकलेला संगणक असेल, तर त्याला भंगारात देऊ नका, त्याला हे नवे आयुष्य जरूर द्या. पण जुने पुसण्याआधी एक करा. त्या यंत्रासमोर रोज बसणाऱ्या माणसाला हाताला धरून खुर्चीत बसवा. ते रोज जे उघडतात ते नव्या जागी त्यांच्याच हाताने उघडून पाहू द्या आणि त्यांना विचारा, हेच ना? ते "हो" म्हणेपर्यंत जुन्याला हात लावू नका. मोजून सगळे जुळले म्हणजे सगळे आले असे नसते. आणि जी गोष्ट एकाच जागी आहे, तिची दुसरी प्रत आजच करा. यंत्राचे गेलेले पुष्कळ वेळा परत मिळते. माझे मिळाले.

प्रेमाबाई अजून संध्याकाळी गलेफ काढून माझ्यासमोर बसतात. छापलेले कागद हाताशी असतात, पण त्यांना पडद्यावरचे मोठे अक्षर बरे पडते. त्या ओळ म्हणतात आणि शेवटच्या शब्दाआधी थांबतात. पूर्वीपेक्षा आता खूप जास्त थांबतात. मग तो शब्द त्या स्वतःच, हळू आवाजात म्हणतात आणि खालच्या ओळीवर येतात.